हेरमान एरहार्ट: प्रजासत्ताकाचा पहारेकरी, प्रजासत्ताकाचा वैरी

#थ्रेड

१/
१३ मार्च १९२०, शनिवार. बर्लिनच्या पश्चिमेकडील ड्योबेरिट्झच्या छावणीतून रात्री निघालेली सुमारे पाच हजारांची फौज पहाटे ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ येऊन पोहोचली. अनेक सैनिकांच्या पोलादी शिरस्त्राणांवर स्वस्तिक रंगवलेले होते. देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि बहुतेक मंत्री काही वेळापूर्वीच मोटारींतून राजधानी सोडून गेले होते. ही फौज परकीय नव्हती. तिचा पगार, शिधा आणि बंदुका याच सरकारने पुरवल्या होत्या. तिच्या नायकाचे नाव होते कॅप्टन हेरमान एरहार्ट.

२/
पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत कैसरची सत्ता कोसळली आणि प्रजासत्ताक आले. त्याची राज्यघटना वायमार या शहरात तयार झाली, म्हणून इतिहासात ते 'वायमार प्रजासत्ताक' या नावाने ओळखले जाते. १९३३ मध्ये हिटलरने ते संपवले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याचा पाया त्यापूर्वीची दहा-बारा वर्षे कोण पोखरत होते आणि त्यांना कोणी पोखरू दिले, याची चर्चा कमी होते. एरहार्टच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात.

३/
एरहार्टचा जन्म २९ नोव्हेंबर १८८१ रोजी बाडेनमधील डिअर्सबुर्ग या गावी झाला. वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. शाळेत असताना त्याने एका शिक्षकाच्या थोबाडीत मारली आणि त्याचे शालेय शिक्षण तिथेच थांबले. १८९९ मध्ये तो कैसरच्या नौदलात कॅडेट म्हणून दाखल झाला. १९०४ मध्ये जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या नामिबियातील, हेरेरो लोकांविरुद्धच्या मोहिमेत तो सहभागी होता. या मोहिमेला पुढे विसाव्या शतकातील पहिला वंशसंहार म्हटले गेले. निःशस्त्र माणसांविरुद्धचे युद्ध त्याने प्रथम पाहिले ते तिथे.

४/
महायुद्धात तो टॉर्पेडो नौकांच्या ताफ्यावर होता. १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत त्याच्या तुकडीने 'नोमॅड' ही ब्रिटिश विनाशिका बुडवण्यात भाग घेतला. १९१७ मध्ये एका संपूर्ण टॉर्पेडो ताफ्याचे नेतृत्व त्याच्याकडे आले. धाडसी, अल्पशिक्षित, हाताखालच्या माणसांत प्रिय आणि राजकारणाविषयी तुच्छता बाळगणारा अधिकारी अशी त्याची ख्याती होती. शांततेच्या काळात असा माणूस बहुधा एखाद्या बंदरावर निवृत्त झाला असता. त्याच्या वाट्याला मात्र १९१८ चा शरद ऋतू आला.

५/
ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, युद्ध हरल्यात जमा असताना, नौदलाच्या सेनापतींनी ब्रिटिशांशी अखेरची लढाई देण्याचा घाट घातला. खलाशांनी नकार दिला. बंड विल्हेल्म्सहाफेनच्या तळावरून कीलला आणि तेथून देशभर पसरले. काही दिवसांतच कैसरला सिंहासन सोडावे लागले. नौदलातील अधिकाऱ्यांच्या मनावर याचा घाव फार खोल होता. क्रांती त्यांच्याच जहाजांवर, त्यांच्याच खलाशांनी केली होती. पाठोपाठ जर्मन आरमार ब्रिटिशांच्या नजरकैदेत स्कापा फ्लो येथे नेण्यात आले. आपल्या नौका तिथे पोहोचवून परतणाऱ्यांत एरहार्टही होता.

६/
२७ जानेवारी १९१९ रोजी विल्हेल्म्सहाफेनमध्ये कम्युनिस्टांनी 'परिषदांचे प्रजासत्ताक' घोषित केले. त्याच संध्याकाळी एरहार्टने सुमारे तीनशे माणसे जमवून त्यांच्या मुख्य ठाण्यावर हल्ला चढवला आणि ते ताब्यात घेतले. या माणसांत प्रामुख्याने नौदलातील अधिकारी आणि जुने व्यावसायिक सैनिक होते. फेब्रुवारीत याच गटातून 'दुसरी नौदल ब्रिगेड' उभी राहिली. लोकांच्या तोंडी मात्र तिचे एकच नाव बसले: एरहार्ट ब्रिगेड.

७/
अशा स्वयंसेवक तुकड्यांना 'फ्रायकोर' म्हणत. त्या उभारायला उत्तेजन देणारे सरकार समाजवादी लोकशाहीवाद्यांचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. राष्ट्राध्यक्ष फ्रिडरिख एबर्ट आणि संरक्षणमंत्री गुस्ताव नोस्के दोघेही कामगार चळवळीतून आलेले होते. रशियासारखी क्रांती आपल्या देशात होईल, ही भीती त्यांना होती. जुने सैन्य विस्कळीत झाले होते आणि प्रजासत्ताकाशी निष्ठावान असे नवे सैन्य उभारण्याचे काम मागे पडले. कोणीतरी शिकारी कुत्र्याची भूमिका पत्करलीच पाहिजे, अशा आशयाचे नोस्के यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

८/
१९१९ च्या एप्रिलमध्ये ब्राउनश्वाइग, मे महिन्यात म्युनिक, ऑगस्टमध्ये अप्पर सायलेशिया: जिथे संप किंवा उठाव, तिथे ही ब्रिगेड पाठवली गेली. म्युनिकमधील परिषद-प्रजासत्ताक सरकारी सैन्याने आणि फ्रायकोर तुकड्यांनी मिळून चिरडले तेव्हा शेकडो माणसे मारली गेली. त्यांतील कित्येकांचा लढाईशी काहीही संबंध नव्हता. सरकारच्या दृष्टीने सुव्यवस्था प्रस्थापित झाली होती. ब्रिगेडमधील तरुणांनी मात्र वेगळाच धडा घेतला: शस्त्र हाती असेल तर जाब विचारणारा कोणी नसतो.

९/
शिरस्त्राणावरील स्वस्तिकाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. उंबरठ्यावर आणि कलशावर स्वस्तिक पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला या चिन्हाचा तिथला अर्थ सहज उमगणार नाही. जर्मनीत त्याला 'हाकेनक्रॉइझ', म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रॉयच्या उत्खननात ते सापडल्यानंतर वंशवादी गटांनी त्याला 'आर्य' वंशाची खूण ठरवले. बाल्टिक प्रदेशात लढून परतलेल्या तुकड्यांतून ते एरहार्टच्या ब्रिगेडमध्येही रुजले. हिटलरच्या पक्षाने आपला ध्वज स्वीकारला तो त्यानंतर, १९२० च्या उन्हाळ्यात.

१०/
जून १९१९ मध्ये जर्मनीने व्हर्सायच्या तहावर सही केली. भूदल १ लाखावर आणि नौदल १५ हजारांवर आणण्याचे बंधन आले. लाखो सशस्त्र माणसांना घरी पाठवणे सरकारला भाग होते. त्यांच्यापैकी अनेकांना घर उरले नव्हते, धंदा नव्हता आणि युद्धावाचून दुसरे काही येतही नव्हते. २९ फेब्रुवारी १९२० रोजी नोस्के यांनी एरहार्टची ब्रिगेड बरखास्त करण्याचा आदेश काढला. पहारेकऱ्याला आता निरोप द्यायचा होता. तो जाईल की नाही, याचा विचार कोणी केला नव्हता.

११/
बर्लिन भागातील सैन्याचे प्रमुख जनरल वाल्टर फॉन ल्युटविट्झ यांनी दुसऱ्याच दिवशी ड्योबेरिट्झच्या संचलनात सर्वांसमक्ष सांगितले की, अशी तुकडी आपण मोडू देणार नाही. १० मार्चला ते थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेले आणि आदेश मागे घेण्याबरोबरच नव्या निवडणुकांचीही मागणी करू लागले. नोस्के यांनी ती फेटाळून त्यांना पदावरून दूर केले. पण अटक केली नाही. ल्युटविट्झ बर्लिनमधून ड्योबेरिट्झला गेले आणि त्यांनी एरहार्टला विचारले की ब्रिगेड राजधानीवर चालून जाऊ शकेल काय. त्याची तयारी होती.

१२/
१२ मार्चच्या रात्री नोस्के यांनी सेनाधिकाऱ्यांना बोलावून विचारले: प्रतिकार कोण करील? जवळजवळ सर्वांनी अंग काढून घेतले. सैन्य सैन्यावर गोळी झाडत नाही, अशी भूमिका जनरल हान्स फॉन झेक्ट यांच्या नावावर नोंदली गेली आहे. कामगारांवर गोळ्या झाडताना असा प्रश्न कधी उपस्थित झाला नव्हता. सरकारने ड्रेस्डेनचा आणि तेथून स्टुटगार्टचा रस्ता धरला. एरहार्टची फौज एकही गोळी न झाडता राजधानीत शिरली आणि वोल्फगांग काप नावाच्या प्रशियातील एका अधिकाऱ्याने स्वतःला चॅन्सेलर घोषित केले.

१३/
शस्त्रांनी जे केले नाही ते सामान्य माणसांनी केले. जाण्यापूर्वी समाजवादी मंत्र्यांच्या नावाने सार्वत्रिक संपाचे आवाहन निघाले होते. त्याला मिळालेला प्रतिसाद जर्मनीच्या इतिहासात अपूर्व होता. सुमारे १ कोटी २० लाख कामगार संपात उतरल्याचे सांगितले जाते. बर्लिनमध्ये ट्राम थांबल्या, वीज आणि गॅस बंद झाला, वृत्तपत्रे निघेनात. मंत्रालयांतील वरिष्ठ अधिकारी कापच्या आदेशांवर अंमल करीनात. सरकारी बँकेने त्याला पैसे देण्याचे नाकारले.

१४/
बँकेतून बळजबरीने पैसे आणण्याचे काम एरहार्टवर सोपवण्याचा विचार झाला, पण अधिकारी दरोडा घालत नसतात असे सांगून त्याने ते नाकारले, अशी कथा प्रचलित आहे. ती खरी धरली तर त्या माणसाचे सन्मानाविषयीचे गणित तिच्यातून कळते: घटनात्मक सरकार उलथवणे सन्मान्य होते, तिजोरी फोडणे नव्हते. १७ मार्चला काप पायउतार झाला आणि स्वीडनला पळाला. पाच दिवसांची राजवट संपली.

१५/
१८ मार्चला ब्रिगेड वाद्ये वाजवीत बर्लिनबाहेर निघाली. ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळील चौकात गर्दी मूकपणे पाहत उभी होती. एक मुलगा हसला. रांगेतील काही सैनिकांनी त्याच्यावर झडप घालून त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी तुडवले. गर्दीतून धिक्काराचे स्वर उठले, तेव्हा सैनिकांनी मशीनगनमधून गर्दीवर गोळीबार केला. बारा माणसे ठार झाली, अनेक जखमी झाली. त्यानंतर ब्रिगेड पुन्हा रांगा लावून छावणीकडे निघून गेली.

१६/
बंड फसले, पण बंडखोर फारसे दुखावले गेले नाहीत. संपूर्ण प्रकरणात महत्त्वाच्या व्यक्तींपैकी केवळ बर्लिनचे माजी पोलीसप्रमुख ट्राउगोट फॉन यागो यांना शिक्षा झाली: पाच वर्षे, तीही सन्माननीय मानल्या जाणाऱ्या किल्ल्यातील कैदेची. काप खटल्यापूर्वीच मरण पावला. ल्युटविट्झ यांना पुढे निवृत्तिवेतनही मिळाले. दुसरीकडे, बंडाला प्रतिकार म्हणून रूर खोऱ्यातील कामगारांनी शस्त्रे उचलली होती. त्यांना मोडून काढायला सरकारने पुन्हा फ्रायकोर पाठवले. त्यांत नुकतीच कापची बाजू घेतलेल्या तुकड्याही होत्या.

१७/
नोस्के यांना पद सोडावे लागले. ६ जून १९२० च्या निवडणुकीत प्रजासत्ताकनिष्ठ पक्षांच्या आघाडीचे बहुमत गेले आणि पुढे ते कधीच परत आले नाही. एरहार्टच्या ब्रिगेडमधील अनेकांना नौदलात सामावून घेतले गेले. एरहार्टवर अटक वॉरंट निघाले. तो म्युनिकला गेला. बव्हेरियात गुस्ताव फॉन कार यांचे उजवे सरकार होते आणि पोलीसप्रमुख अर्न्स्ट पोनर त्याचे हितचिंतक होते. देशभर ज्याचा शोध चालू होता तो माणूस म्युनिकमध्ये पोलिसांच्या छत्रछायेत राहिला.

१८/
तिथे त्याने गुप्त संघटना बांधली. बाहेरून ती लाकूडव्यापाराची कंपनी होती. आतून जिल्हावार शाखा, आज्ञापालनाची शपथ आणि शस्त्रसाठे. एरहार्टचे टोपणनाव 'कॉन्सुल', म्हणून संघटनेचे नाव 'ऑर्गनायझेशन कॉन्सुल'. ज्यूंना तिच्यात प्रवेश नव्हता. विश्वासघात करणाऱ्याला मृत्यू, हे तिच्या नियमांत लिहिलेले होते. ब्रिगेडमधील जुने तरुण अधिकारी तिचा कणा होते. रस्त्यावरची लढाई संपली होती. आता नेमक्या माणसांची यादी होती.

१९/
२६ ऑगस्ट १९२१. ब्लॅक फॉरेस्टमधील बाड ग्रीसबाख येथे माजी अर्थमंत्री मथियास एर्झबर्गर एका सहकाऱ्यासोबत फिरायला निघाले होते. हाइनरिख टिलेसेन आणि हाइनरिख शुल्झ या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. एर्झबर्गर यांचा 'अपराध' हा की नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्रसंधीवर जर्मनीच्या वतीने त्यांनी सही केली होती. युद्ध सेनापतींनी हरले, सही मात्र एका नागरी नेत्याला करावी लागली आणि त्या सहीची किंमतही त्यानेच मोजली.

२०/
मारेकरी म्युनिकमार्गे हंगेरीला निसटले. त्यांना पारपत्रे मिळण्याची सोय म्युनिकमध्येच झाली. बव्हेरियात राजकीय खुन्यांच्या टोळ्या आहेत हे ठाऊक आहे काय, असे विचारता पोनर यांनी 'आहेत, पण पुरेशा नाहीत' अशा अर्थाचे उत्तर दिले, असे सांगितले जाते. मारेकऱ्यांचा वरिष्ठ मानफ्रेड फॉन किलिंगर याच्यावर साहाय्याचा खटला चालला आणि जून १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच महिन्यात माजी पंतप्रधान फिलिप शाइडमान यांच्यावर कासेल येथे विषारी आम्ल फवारण्यात आले; ते थोडक्यात बचावले.

२१/
२४ जून १९२२. परराष्ट्रमंत्री वाल्टर राथेनाऊ बर्लिनमधील ग्रुनेवाल्डच्या घरातून उघड्या मोटारीने कार्यालयाकडे निघाले होते. मागून आलेल्या मोटारीतून एर्विन केर्न याने मशीन-पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. हेरमान फिशर याने हातबॉम्ब फेकला. राथेनाऊ उद्योगपती, लेखक आणि ज्यू होते. युद्धकाळात कच्च्या मालाचे नियोजन करून जर्मनीला तग धरू देणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा होता. मारेकऱ्यांना त्याच्याशी देणेघेणे नव्हते. केर्न तीन आठवड्यांनी साआलेक किल्ल्यात पोलिसांच्या गोळीने मेला; फिशरने आत्महत्या केली.

२२/
या खुनांमागे केवळ द्वेष नव्हता. इतिहासकार मार्टिन झाब्रो यांच्या संशोधनानुसार त्यामागे एक डाव होता: लोकप्रिय प्रजासत्ताकवादी नेते मारायचे, संतापून डावे रस्त्यावर उतरतील, मग सरकारला सैन्याला आणि जुन्या फ्रायकोरना हाक मारावीच लागेल आणि ती संधी साधून सत्ता घ्यायची. थोडक्यात, १९१९ ची परिस्थिती पुन्हा निर्माण करायची, जेव्हा सरकारला एरहार्टची गरज होती. डाव फसला. लाखो लोक रस्त्यावर उतरले ते शांततेने, प्रजासत्ताकाच्या बाजूने.

२३/
चॅन्सेलर योसेफ विर्ट यांनी संसदेत उजव्या बाकांकडे हात करून शत्रू तिथे उभा आहे, असे ठणकावले. जुलै १९२२ मध्ये प्रजासत्ताक संरक्षण कायदा झाला. पण कायदा राबवणारे न्यायाधीश कैसरच्या काळातील होते. एमिल गुम्बेल या गणितज्ञाने १९२२ पर्यंतच्या राजकीय खुनांची मोजदाद केली. उजव्यांनी केलेले ३५४, त्यांपैकी ३२६ ला शिक्षाच नाही. डाव्यांनी केलेले २२, त्यांपैकी शिक्षेविना फक्त ४. दहा जणांना देहदंड.

२४/
गुम्बेल यांच्या आकडेवारीचे खंडन कोणी करू शकले नाही. त्यांच्यावर मात्र देशद्रोहाचे आरोप झाले आणि १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून त्यांना काढण्यात आले. ते फ्रान्सला आणि नंतर अमेरिकेला गेले. महापुराची शक्यता मोजण्यासाठी अभियंते आजही वापरतात ते 'गुम्बेल वितरण' याच माणसाचे. आपल्या देशावर येणाऱ्या पुराचे मापही त्यांनी वेळीच घेतले होते. ते वाचायची तयारी न्यायालयांची नव्हती.

२५/
एरहार्टला अखेर नोव्हेंबर १९२२ मध्ये अटक झाली आणि लाइपझिगच्या तुरुंगात ठेवले गेले. त्याला आश्रय देणाऱ्या राजकुमारी मार्गारेटे हिला खोट्या साक्षीबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे १९२७ मध्ये दोघांनी विवाह केला. खटला उभा राहण्यापूर्वीच, जुलै १९२३ मध्ये, एरहार्ट तुरुंगातून पळाला. स्वित्झर्लंडमार्गे तो पुन्हा म्युनिकला आला. तोपर्यंत तिथे कार यांच्याकडे असाधारण अधिकार आले होते. एर्झबर्गर आणि राथेनाऊ यांच्या खुनांबद्दल एरहार्टला कधीही शिक्षा झाली नाही.

२६/
म्युनिकमध्ये आता दुसरा एक माणूस मोठा होत होता. १९२१ मध्ये हिटलरच्या तुफानी दलाला, म्हणजे एस. ए. ला, लष्करी वळण लावायला एरहार्टनेच माणसे दिली होती. तिचा सुरुवातीचा प्रमुख हान्स उलरिख क्लिंट्श हा ब्रिगेडमधील अधिकारी होता. तरीही एरहार्टला हिटलर हा सभा गाजवणारा वाचाळ माणूस वाटे आणि नेतृत्व सैनिकांनीच करावे, असे त्याचे मत होते. नोव्हेंबर १९२३ च्या म्युनिकमधील बंडात तो हिटलरविरुद्ध कार यांच्या बाजूस राहिला. प्रजासत्ताकावरील निष्ठा हे त्याचे कारण नव्हते. बर्लिनवर स्वारी कोणी करायची, एवढाच वाद होता.

२७/
नाझींनी ही गोष्ट विसरली नाही. एरहार्ट १९२४ मध्ये ऑस्ट्रियाला गेला आणि माफीनंतर १९२६ मध्ये परतला, तेव्हा राजकारण बदलले होते. गुप्त कटांचा काळ सरून मतपेटी आणि जनसभांचा काळ आला होता आणि त्यात त्याला गती नव्हती. त्याच्या 'वायकिंग संघा'वर बंदी आली. नाझी पक्षातील असंतुष्टांशी त्याने संधान बांधून पाहिले. निष्पन्न काही झाले नाही. त्याची माणसे मात्र एकेक करून हिटलरकडे गेली. किलिंगर १९३३ मध्ये सॅक्सनीचा मुख्यमंत्री झाला.

२८/
१९३३ मध्ये नव्या राजवटीने केर्न आणि फिशर यांना वीरांचा मान दिला. त्यांच्या कबरीपाशी हिमलर आणि रोम यांनी भाषणे केली. एरहार्टची उरलीसुरली ब्रिगेड एस. एस. मध्ये विलीन होऊन काही महिन्यांत नाहीशी झाली. ३० जून १९३४ रोजी हिटलरने प्रतिस्पर्ध्यांचे शिरकाण सुरू केले. रोम मारला गेला. वृद्ध कार यांना डाखाऊला नेऊन ठार करण्यात आले. मारेकरी क्लेसेन येथील एरहार्टच्या मालमत्तेवरही आले. तो जंगलात लपला आणि स्वित्झर्लंडला निसटला. कोणत्याही खटल्याविना माणूस संपवण्याची रीत आता सरकारी झाली होती.

२९/
अशा वेळी मराठी लेखक भस्मासुराचा दाखला देतात. तो इथे अर्धाच लागू पडतो. वर मागताना भस्मासुराने आपला हेतू लपवला होता. एरहार्टने काहीच लपवले नव्हते. प्रजासत्ताक आपल्याला मान्य नाही, हे त्याने पहिल्या दिवसापासून उघड सांगितले. सरकारला वाटले, डाव्यांचा बंदोबस्त होईपर्यंत तो उपयोगी आहे. सेनापतींना वाटले, तो आपलाच माणूस आहे. न्यायाधीशांना वाटले, त्याचा हेतू देशभक्तीचा आहे. यांपैकी कोणीही प्रजासत्ताक बुडवायला निघालेले नव्हते असे मानले, तरी परिणाम बदलत नाही. १९२० च्या मार्चमध्ये त्याचे रक्षण केले ते ज्यांच्यावर वर्षभर गोळ्या झाडल्या गेल्या त्या कामगारांनी. आणि त्याबद्दल रूरमध्ये त्यांच्यावर पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या.

३०/
शेवटचे दोन प्रसंग. एर्झबर्गर यांचा मारेकरी टिलेसेन १९४६ मध्ये न्यायालयासमोर आला. हिटलरचा पराभव होऊन दीड वर्ष झाले होते. तरीही ओफेनबुर्ग येथील जर्मन न्यायाधीशांनी १९३३ च्या नाझी माफीहुकुमाचा आधार घेऊन त्याला मोकळे केले. फ्रेंच प्रशासनाने तो निकाल रद्द करवला. १९४७ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५२ मध्ये तो सुटलाही. एरहार्ट त्या वेळी ऑस्ट्रियात पत्नीच्या सोबत ब्रून आम वाल्डे येथील वाड्यात शेतीवाडी पाहत होता. २७ सप्टेंबर १९७१ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो तिथेच मरण पावला. एर्झबर्गर ४५ वर्षांचे झाले होते, राथेनाऊ ५४ वर्षांचे.

(समाप्त)